शेप्याचा जिता बाठा

॥ श्री ॥
मिरज, ता. ९ एप्रिल १९५८

सौ. मथुरावहिनींस सुनीतीचा वाकून नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. आईच्या गुडघ्यांना तेल चोळायला यशोदा रोज बसते हे वाचून बरं वाटलं. अकरा वर्षांची पोर तुमची, पण आजीचं मन राखण्यात तिने तिच्या बापाला कधीच मागे टाकलं. भाईला हे मुद्दाम वाचून दाखवा.

आमचं घर एकदाचं उभं राहिलं. दोन खोल्या, पुढे ओटी म्हणायला जीभ अडखळेल एवढी ओटी, पण मागे परस आहे. तिथे हौद बांधायचा यांचा बेत होता. मी आडवी आले. तिथे आंबा लागणार, आणि आंबा म्हणजे आपल्या चौक्याच्या घरचा शेप्याच. दुसरं कुठलं झाड मला त्या जागी नको आहे.

रविवारी आंब्याचं सासव केलं. मोहरी, नारळ, गूळ, सुक्या मिरच्या, सगळं आईच्या हाताच्या मापाने घेतलं, पण आंबे बाजारचे. झाली ती गोड आमटी. शेजारच्या काशीबाईंना वाटी दिली तर त्यांनी बाठा, म्हणजे त्यांची कोय, बाहेर काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि हा काढायचा राहिला का म्हणून मलाच विचारलं. बाठा चोखण्यासाठीच सासव जेवायचं असतं हे या घाटावरच्या माणसांना कोण समजावणार? शेप्या पिकला की शेपूसारखा जो वास येतो तो इथे सांगूनही कुणाला पटत नाही. लहानपणी भाई माझे डोळे बांधून वेगवेगळ्या आंब्यांची पानं चुरडून नाकाशी धरायचा. शेप्याचं पान मी एकदाही चुकले नाही.

शाळेत नववीच्या मुलींना फळांचं वर्गीकरण शिकवते आहे. तुम्हाला गंमत वाटेल. आंबा, बोर, आंबाडा आणि आपला नारळ हे सगळे एका कुळातले, अश्मगर्भी. वर साल, मध्ये गर नाहीतर नारळाचं सोडण, आत कठीण बाठा आणि बाठ्याच्या पोटात बी. म्हणजे बाठा ही बी नव्हे, बीचं घर. फणस हे एक फळ नव्हेच, फळांची अख्खी वाडी. आणि काजूचा बोंडू तर फळच नाही. खरं फळ म्हणजे खाली बाहेर लोंबते ती बी. हे आईला सांगा आणि ती काय म्हणते ते कळवा.

मुख्य मागणं असं की या मोसमात शेप्याचे थोडे बाठे पाठवा. चोखलेले नकोत. आईचं सोवळं मला माहीत आहे, उष्टा बाठा न्हाणीच्या चुलीवरच्या मडक्यात उकळल्याशिवाय ती परसात टाकू देत नाही. शाळेत असताना मी मैत्रिणींपुढे आमच्या घरच्या या स्वच्छतेची केवढी ऐट मिरवायची! मला अख्ख्या फळातून काढलेले ताजे बाठे हवेत. एवढं एक झाड इथे लागलं की मी पुन्हा काही मागणार नाही.

माझ्यावरची तुमची माया माहेरपणापुरती नसते हे जाणून आहे. ती तशीच असू द्यावी.

तुमची
सुनीती

॥ श्री ॥
चौके, तालुका मालवण
ता. २८ मे १९५८

सौ. सुनीतीवन्संना मथुरेचा नमस्कार आणि घरातल्या सगळ्यांचे आशीर्वाद.

तुमची मागणी हातोहात पुरवते आहे. टोपलीत वर आंबे, खाली राखेत घोळवलेले बाठे. बाठे आईंनी स्वतः निवडले, स्वतः धुतले, वाळवले. मला टोपली बांधण्यापुरतं बोलावलं. मृग लागला की लावा आणि पाणी बेताने घाला.

आंबा आणि नारळ एका कुळातले हे आईंना वाचून दाखवलं. त्या हसून हसून ठसकल्या. मगे आंब्याच्या साटांसारखी नारळाची साटां उन्हात वाळत घालून दाखय म्हणावं तिका, असा त्यांचा निरोप आहे. माझी वर्गवारी विचाराल तर आमच्या स्वयंपाकघरात फळं तीनच जातींची, चोखायची, शिजवायची आणि खारवायची. आंबा तिन्हीत बसतो म्हणून तो राजा. तुमच्या नववीच्या मुलींना एवढंच शिकवा, पास होतील.

यंदा शेप्या लदबदला होता. देवीच्या वार्षिकाला सासवाचा नैवेद्य नेहमीसारखा आपल्याच घरून गेला. वाडीतल्या बायका पातेल्याभोवती घोटाळत होत्या. आईंनी वाढताना कुणाला बाठा दिला, कुणाला नुसता रस, आणि नको तिथे रुसवे झाले. तुम्ही असायला हव्या होतात, वन्सं. तुमच्यासारखी मोहरी मला अजून वाटता येत नाही.

अंकुर फुटला की पहिलं पत्र मला. जीव आहे तोवर आमची आठवण पातळ होऊ देऊ नका.

तुमची वहिनी
मथुरा

॥ श्री ॥
मिरज, ता. १७ ऑगस्ट १९५८

सौ. मथुरावहिनींस सुनीतीचा नमस्कार.

पत्राला उशीर झाला कारण चांगलं काही लिहायला मिळेल म्हणून थांबले होते. एकही बाठा उगवला नाही. रोज सकाळी चहाच्या आधी मागच्या दाराशी जाऊन बघायची. हे म्हणतात, तू बघतेस म्हणूनच तो लाजतो. वर गंमत ही की काशीबाईंनी आंबा खाऊन केराच्या ढिगावर फेकलेली कोय टरारून वर आली आहे. तांबूस पानं, वीतभर उंची, आणि मालकिणीला पत्ताही नाही. मला त्या रोपाचा इतका राग आला की मी दोन दिवस त्या बाजूची खिडकी उघडली नाही. हसा खुशाल.

इथली माती काळी आणि चिकट आहे. तिला तर शेप्या मानवत नसेल ना? आईला विचारून कळवा. बाठे तर तिने स्वतः निवडलेले, त्यात खोट असणार नाही.

आईला नमस्कार, यशोदाला गोड पापा. तुमचा हात माझ्या डोक्यावर असाच राहो.

तुमची
सुनीती

॥ श्री ॥
चौके, ता. ५ सप्टेंबर १९५८

सौ. सुनीतीवन्संना सप्रेम नमस्कार.

पत्र वाचून फार वाईट वाटलं. तुम्ही म्हणता तेच खरं असावं, काळ्या मातीत आपलं झाड गुदमरत असणार. पुढच्या वर्षी बाठ्यांबरोबर शेप्याच्या बुंध्याजवळची तांबडी माती पोत्यात भरून पाठवते. मालवणच्या स्टँडवर तुमचे भाई स्वतः नेऊन देतील, कोल्हापूरला उतरवून घ्यायचं तुमच्या यांनी बघावं. कंडक्टर कुरकुर करील, पण भाईंचं त्याच्याशी सूत जमलेलं आहे.

खचून जाऊ नका. पुढच्या वर्षी नक्की येईल. गणपतीला आंबाड्याचं रायतं करीन तेव्हा तुमच्या नावाने एक आंबाडा जास्त चोखीन. तोही तुमच्या त्या अश्मगर्भी कुळातलाच ना?

तुमच्या मायेला आसुसलेली
मथुरा

॥ श्री ॥
मिरज, ता. २४ जुलै १९६०

सौ. मथुरावहिनींस सुनीतीचा नमस्कार.

हा तिसरा पावसाळा. तांबडी माती झाली, शेणखत झालं, यांनी खड्ड्याभोवती विटा लावल्या, उन्हाला आडोसा म्हणून माझं जुनं लुगडं बांधलं. काही उगवलं नाही. काशीबाईंचं केरातलं झाड आता माझ्या खांद्याला लागतं.

परवा त्या बोलता बोलता म्हणाल्या की काही बायकांच्या हाताला लागवड येत नाही, त्याला इलाज नसतो. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण मी घरात येऊन पाटावर बसले आणि खूप रडले. वहिनी, आपल्या घरात लावलेली काडीसुद्धा जगते. मी त्याच घरची ना? मग माझ्याच हाताला काय झालं?

तुम्ही हसाल म्हणून लिहीत नव्हते. भाईला सांगा, देवीपुढे माझ्यासाठी एक गाऱ्हाणं घालावं. शाळेत विज्ञान शिकवते आणि असं लिहिते, पण आता माझी बुद्धी चालत नाही.

सर्वांना नमस्कार. मला विसरू नका.

तुमची
सुनीती

॥ श्री ॥
चौके, ता. १० ऑगस्ट १९६०

सौ. सुनीतीवन्संना मथुरेचा नमस्कार.

काल मंगळवारी तुमच्या भाईंनी देवीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. दूरदेशी असलेल्या आमच्या चेडवाच्या हाताला यश दे, तिच्या दारात झाड उभं राहू दे, असं पुजाऱ्याकडून म्हणवून घेतलं. आम्ही सगळे हात जोडून उभे होतो. आईसुद्धा होत्या.

तुमच्या हातात काही दोष नाही. असलं पुन्हा मनात आणू नका. पुढच्या वर्षी टपोरे बाठे निवडायला सांगते. आता डोळे पुसा आणि तुमच्या यांना गरम काहीतरी करून घाला.

आम्ही सगळी तुमचीच आहोत, एवढं धरून राहा.

तुमची
मथुरा

॥ श्री ॥
मिरज, ता. २२ जून १९६१

सौ. मथुरावहिनींस,

नमस्कार. आज मजकुरावरच येते.

काल वर्गात आंबा शिकवत होते. बाठा फोडून आतली बी दाखवायची म्हणून घरून एक कोय बाजारच्या आंब्याची नेली आणि तुम्ही पाठवलेल्या यंदाच्या बाठ्यांतला एक नेला. वाटलं, लावून उगवत नाहीतच, निदान मुलींना शेप्या दाखवू. शिपायाकडून कोयत्याने दोन्ही फोडून घेतले. बाजारच्या कोयीतली बी पांढरी, ओलसर, हिरवट छटेची, दोन दळांच्या बेचक्यात इवलासा कोंब तयार. शेप्याच्या बाठ्यातली बी तपकिरी, मऊ होऊन पुन्हा वाळलेली. पुढच्या बाकावरची एक मुलगी हात वर करून म्हणाली, बाई, ही तर आमच्याकडे भुईमुगाच्या शेंगा उकडतात तशी उकडलेली आहे. सगळा वर्ग हसला. मीही हसले. मग ती बी उचलून पुन्हा पाहिली.

घरी येऊन मागच्या पायरीवर बसले आणि उरलेले सगळे बाठे फोडले. प्रत्येक शिजलेला. खड्ड्यातले उकरून काढले, तेही फोडले. न्हाणीच्या चुलीवरचं ते मडकं माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. लहानपणापासून बघत आले आणि मला वाटत होतं ती स्वच्छता.

तुम्ही माझ्याशी असं का केलंत? झाड द्यायचं नव्हतं तर नाही म्हणायचं. मी एक दिवस रुसले असते. पण तुम्ही शिजवलेल्या बाठ्याला मृग लागल्यावर लावा म्हणून लिहिलंत, पाणी बेताने घाला म्हणून लिहिलंत. काळ्या मातीला दोष दिलात. भाईच्या खांद्यावरून मातीची पोती पाठवलीत. आणि गाऱ्हाणं! देवीपुढे हात जोडून उभ्या होतात तुम्ही सगळे. माझ्या हातात दोष नाही असं तुम्ही लिहिलं होतं. ते तेवढं खरं होतं, कारण दोष कुठे आहे ते तुम्हाला माहीत होतं.

मी तुम्हाला गमतीने काजूबद्दल लिहिलं होतं. बोंडू म्हणजे तुमचं घर, आणि मी त्याच्या बाहेर लोंबणारी. मला वाटत होतं, मी त्या फळातलीच आहे.

आईला यातलं काही ठाऊक आहे का, की तिच्या नावाने तुम्हीच हे सगळं केलंत? खरं असेल तेच लिहा. नसेल लिहायचं तर लिहू नका.

सुनीती

॥ श्री ॥
चौके, ता. ३ जुलै १९६१

सौ. सुनीतीवन्संना नमस्कार.

तुमचं पत्र मी गोठ्यात जाऊन वाचलं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी या घरात आले त्याच आठवड्यात आईंनी मला न्हाणीत नेलं आणि ते मडकं दाखवलं. देवीच्या वार्षिकाला सासवाचा मान आपल्या घराला आहे तो शेप्यामुळे. वाडीत दुसऱ्या कुणाकडे शेप्या नाही. आईंच्या आजेसासूच्या वेळी घरातल्या एका मुलीने लग्न होऊन जाताना ओच्यात बाठा नेला. पलीकडच्या वाडीत झाड धरलं, आणि तिचे सासरचे मान मागायला देवळात उभे राहिले. डोकी फुटली. शेवटी ते झाड तोडावं लागलं आणि त्या मुलीचं माहेर तुटलं. तेव्हापासून शेप्याचा बाठा उकळल्याशिवाय कुंपणाबाहेर जात नाही. हे घरच्या सुनांना सांगतात. मुलींना सांगत नाहीत, कारण सांगितलं तर त्या मागतील.

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी आईंना म्हटलं होतं, मिरज कुठे आणि आपली देवी कुठे, तिथून मान मागायला कोण येणार? त्यांनी मान फिरवली आणि दोन वेळ जेवल्या नाहीत. मला त्यांच्याबरोबर रोज राहायचं आहे, वन्सं. तुम्ही मे महिन्यात येता, सासव जेवता, आंब्यांची टोपली घेऊन जाता. चुलीवर मडकं कोण ठेवतं ते तुम्ही कधी मागे वळून पाहिलं नाहीत.

गोड पत्रं का लिहिली म्हणून विचाराल. पहिलं खोटं गेलं की दुसरं पत्र त्याला धरूनच लिहावं लागतं. तुम्ही माती म्हणालात, मी माती म्हटलं. गाऱ्हाण्याचं मात्र मला झोंबलं होतं. मी नको म्हणत होते.

मला बोल लावा, मी ऐकून घेईन. पण एकटीला लावू नका.

मथुरा

चौके, ता. १० जुलै १९६१

बाय सुनीतीक आवशीचो आशीर्वाद.

मी सांगतंय आणि तुझो भाई गुरुदास लिवता. मथुराक बोल लावू नको. बाठे मी उकडलंय, माझ्या हातान. तिणा नुसती टोपली बांधल्यान. माझ्या सासून माका ह्या घरात आणल्यान तेव्हा पयल्यांदा ह्याच सांगल्यान, शेप्याचो जितो बाठो कोणाच्या हातात देव नको. चेडवांच्या हातात तर नायच. मिया मान हालवलंय. आता म्हातारपणी ता मोडू कशी?

तू म्हणतलंस, मी तुझा चेडू न्हय? आसस गो. पण शेप्या माझो न्हय, घराचो आसा. जा माझा होता ता तुका सगळा दिलंय. माझ्यो पाटल्यो दिलंय. सासव करूक शिकवलंय, मोहरी कितकी वाटूची ता दुसऱ्या कोणाक सांगूक नाय. जा माझा न्हय ता खंयसून देव?

तीन वर्सां तू पाणी घातलंस ता आयकान माझ्या पोटात तुटता. पण परत मागलंस तरी उकडूनच देतलंय. रागान रवा नको. मे म्हयन्यात ये. तुझ्यासाठी सासव करून ठेवतंय.

तुझी आवस

ता. क. आईने सांगितलं ते शब्दाला शब्द लिहिलं आहे. मलाही ठाऊक होतं, सुनीती. काय करणार, आईपुढे माझं काही चालत नाही. तब्येतीला जप. लोभ ठेव.
गुरुदास

॥ श्री ॥
मिरज, ता. १ ऑगस्ट १९६१

ती. भाईस नमस्कार.

आईचं पत्र पोचलं. तिच्यावर मला रागावताही येत नाही, कारण तिने काही लपवलं नाही, मागितलंस तरी उकडूनच देईन असं तोंडावर सांगितलं. तुझं तसं नाही. त्या मातीची पोती तू स्टँडपर्यंत वाहून नेलीस. जड असतील. वाटेत एकदाही तुला वाटलं नाही का की बहिणीला एक कार्ड टाकावं, उगाच खणत बसू नको म्हणून? माझे डोळे बांधून पानं ओळखायला लावायचास तो तूच ना?

मे महिन्यात मी येणार नाही. यांची रजा नाही असं वाडीत सांग. तुम्हाला असं सांगायची सवय आहे.

सर्वांनी आपापल्या ठिकाणी सुखी राहावं.

सुनीती

॥ श्री ॥
चौके, ता. १९ सप्टेंबर १९६६

सौ. सुनीतीवन्संना मथुरेचा वाकून नमस्कार.

मधल्या वर्षांत तुम्ही दिवाळीची कार्डं तेवढी पाठवलीत, मीही तेवढीच पाठवली. यंदा मे महिन्यात यशोदाच्या लग्नाला आलात, आहेर केलात, आईंच्या पाया पडलात आणि पंगत उठायच्या आत निघालात. पानातला बाठा तुम्ही चोखला नाहीत हे मी वाढताना पाहिलं.

आता मुद्द्याचं लिहिते. यशोदा पाठवणीच्या आधी गळ्यात पडून मला म्हणाली, आये, माका शेप्याचो एक बाठो दी. तिला त्या मडक्याचं काही माहीत नाही. मी चुलीपुढे बसले. पाणी उकळत होतं. वन्सं, माझा हात पुढे गेला नाही. मी दोन बाठे ओच्यात घेतले आणि आईंना सांगितलं की मडक्यात टाकले. आईंना आता दिसत नाही, त्या हाताने चाचपून बघतात. त्यांच्या हातात मी दुसरे, उकळलेले दिले. त्यांनी चाचपले आणि बरं म्हणाल्या.

एक यशोदाने नेला. दुसरा मी गोठ्यामागे नारळाच्या सोडणात लावला, वर काजूच्या फांद्या टाकून झाकून ठेवला. तो उगवला. तुमचे भाई डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मिरजेला येताहेत, त्यांच्याबरोबर रोप पाठवते आहे. हा शेप्याचाच आहे. जिता बाठा आहे. आईंना कधी कळू देऊ नका.

मी तुमच्याकडून काही मागत नाही. फक्त ते लावा.

तुमची म्हणवून घ्यायला आता बिचकणारी
मथुरा

॥ श्री ॥
मिरज, ता. ३० ऑक्टोबर १९६६

सौ. मथुरावहिनींस सुनीतीचा नमस्कार.

रोप सुखरूप पोचलं. भाई ओटीवर बसून चहा प्यायला. आम्ही दोघं रोपाकडेच बघत बसलो. तो निघताना म्हणाला की माती तीच असेल ना, आपल्याकडची? मी हो म्हटलं. ती कुठे जाणार?

त्याच खड्ड्यात लावलं आहे. यांनी विटा पुन्हा नीट मांडल्या. रोप जगलं, वरच्या टोकाला तांबूस पालवी आली आहे. काशीबाईंच्या झाडाला गेल्या वर्षी आंबे धरले. त्या आता मला लागवडीच्या गोष्टी सांगत नाहीत.

यशोदासाठी तुमचा हात पुढे गेला नाही हे वाचून मला बरं वाटलं. खरंच वाटलं. तुमच्या मुलीसाठी तुम्हाला जे दिसलं ते दुसऱ्या कुणाच्या मुलीसाठी तीन वर्षं दिसत नव्हतं, असंही मनात आलं. आलं ते लिहिते, तुम्हीही आता लपवू नका म्हणून.

एक गोष्ट केली, ती सांगायला हवी. आठ-दहा दिवस मी स्वतःला धरून ठेवलं. मग एका सकाळी खालचं एक जून पान तोडलं, हातावर चुरडलं आणि डोळे मिटून नाकाशी नेलं. शेपूचा वास नाही. कुठल्याही आंब्याच्या पानाला येतो तसा वास आला. पुन्हा दुसरं पान तोडलं. तसंच.

मी तशीच पायरीवर बसून राहिले. मग वर्गात मीच शिकवते ते आठवलं. बाठ्यातून उगवलेलं झाड आईवर जाईलच असं नसतं. ते शेप्याचंच असेल आणि तरी त्याला शेप्याचा वास नसेल. किंवा ते चौक्याच्या बाजारात मिळालेल्या कुठल्या आंब्याचं असेल. पान बघून, बाठा फोडून, पुस्तक उघडून यातलं कुठलं खरं ते मला ठरवता येत नाही. तुमचा शब्द तेवढा आहे. आणि तुम्ही आईच्या हातात दुसरे बाठे देऊन बरं म्हणवून घेतलंत हे ज्या अक्षरात लिहिलंत, गाऱ्हाण्याचं पत्रही त्याच अक्षरात होतं. दोन्ही पत्रं मी शेजारी ठेवून पाहिली. काही फरक दिसला नाही.

एके काळी तुम्ही नुसतं म्हटलं असतंत आणि मी वाडीभर मिरवलं असतं. पान तोडायला माझा हात गेला याचंच मला वाईट वाटतं. तो आता दर वेळी जाणार, वहिनी. त्याला माझा इलाज नाही, तुमचाही नाही.

झाडाला पाणी घालते आहे. फळ धरायला बरीच वर्षं जातील. काशीबाईंनी कुंपणावरून विचारलं की कुठला आंबा लावलात? मी सांगितलं, माहेरचा आहे असं म्हणतात.

आईला माझा नमस्कार सांगा. रोपाबद्दल तिला मी काही कळवणार नाही, तिचं मन राखण्यात आता मीही तुमच्यासारखीच झाले. आजवर प्रत्येक पत्राच्या शेवटी तुमच्याकडे माया मागत आले. आज मागत नाही. जी आहे ती तिकडे असू द्या, मी इकडची सांभाळते.

सुनीती